मयताचे दफ्तर

माणूस गेल्यानंतरचे पहिले तेरा दिवस धर्मशास्त्राच्या स्वाधीन असतात; त्यापुढचा काळ दफ्तरांच्या स्वाधीन जातो, आणि तो किती लांबेल हे कोणत्याही पंचांगात सापडत नाही. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात माझ्या वकिलीचा मोठा भाग ज्या प्रकरणांत गेला त्यांत ना खून होते, ना दरोडे, ना वर्तमानपत्रांनी रंगवून छापावे असे काही; मृत्युपत्रांच्या शाबितीचे अर्ज, वारसा प्रमाणपत्रे, प्रशासनपत्रे आणि त्यांच्या पाठोपाठ तहसील कचेरीत चालणारी नामांतरणे, एवढाच त्या व्यवसायाचा पसारा होता. फौजदारी बाजूचे माझे स्नेही या कामाला गमतीने ‘मयतांची वकिली’ म्हणत. त्या वकिलीने माझी एक समजूत मात्र पक्की केली: लोक ज्याला वारसाचा हक्क समजून मागावयास येतात ते कायद्याच्या दृष्टीने आधी एक दायित्व असते, आणि हक्काचा क्रमांक त्याच्या मागून लागतो. ही गोष्ट ज्या कुटुंबाला वेळेवर उमगे त्याचे प्रकरण सुरळीत निकाली निघे. ज्याला उमगत नसे त्याच्या मिसलीची जाडी वर्षागणिक वाढत जाई.

माझे मराठी पक्षकार बहुधा रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर अशा वस्त्यांतले असत. होळकरशाहीत त्यांचा कोणी पूर्वज कमाविसदार म्हणून, कोणी दफ्तरातला कारकून म्हणून, कोणी शाळामास्तर म्हणून या मुलखात आलेला असे, आणि पुढच्या पिढ्या बँका, विमा, गिरण्या नि सरकारी नोकऱ्या यांत स्थिरावलेल्या असत. कापडी पिशवीतून ते जे मेजावर मांडीत त्यात नगर निगमाने दिलेला मृत्यूचा दाखला, बँकांची पासबुके, विम्याच्या पॉलिसी, पिवळी पडलेली शेअर प्रमाणपत्रे आणि घराच्या रजिस्ट्रीची नक्कल हे ठरलेले असे; क्वचित त्यात एखादा हस्तलिखित कागदही निघे, ज्याचा आरंभ वडिलांनी ‘माझ्या पश्चात’ या शब्दांनी केलेला असे. या पिशवीबरोबर पुण्याच्या किंवा नाशिकच्या एखाद्या मेहुण्याचा सल्लाही हमखास येई: “कोर्टातून वारस दाखला काढून घ्या, आमच्याकडे लगेच मिळतो.” मेहुणा खोटे सांगत नसे. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या अमदानीत झालेल्या मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या आठव्या रेग्युलेशनाखाली महाराष्ट्रात तसा दाखला मिळतो. परंतु इंदूर त्या इलाख्यात कधीच नव्हते. ते होळकरांचे संस्थान होते, १९४८ साली ते मध्यभारतात आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशात गेले, आणि ते रेग्युलेशन नर्मदा ओलांडून इंदुरात कधी आलेच नाही.

यातली मौज अशी की, वारसाचा मूळ कायदा मात्र आमच्या पूर्वजांबरोबर नर्मदा ओलांडून आला होता. मध्य प्रांतात स्थायिक झालेल्या एका महाराष्ट्रीय कुटुंबाच्या प्रकरणात, ‘बळवंतराव विरुद्ध बाजीराव’ या नावाने वकिलांना परिचित असलेल्या १९२० सालच्या निर्णयात, प्रिव्ही कौन्सिलने असे मान्य केले होते की, स्थलांतर करणारे हिंदू कुटुंब आपला व्यक्तिगत कायदा आपल्याबरोबर नेते. आणि त्यामुळे हिंदू कायद्याच्या मुंबई संप्रदायात कन्येला वडिलांच्या वारशावर जी संपूर्ण मालकी मिळे, आणि इतर संप्रदायांत जिच्या ठिकाणी तिला केवळ हयातीपुरता मर्यादित अधिकार असे, ती मालकी परमुलखात वाढलेल्या मराठी मुलीलाही मागता येई. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हे भेद बहुतांशी मिटवले. तरी त्याआधी उघडलेल्या वारशांच्या जुन्या मिसली वाचताना हा प्रवासी कायदा मला पुष्कळदा भेटला आहे.

मृत्युपत्रांच्या बाबतीतही भूगोलाचा असाच प्रभाव होता. माझ्या वकिलीच्या काळात १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार हिंदूच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे न्यायालयाची शाबिती, अनिवार्य ठरे ते फक्त जुन्या बंगालच्या टापूत आणि मद्रास व मुंबई येथील उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात, किंवा त्या टापूंतील स्थावर मिळकतीबाबत. ही सीमारेषा १८७० सालच्या हिंदू विल्स ॲक्टपासून चालत आलेली, आणि साम्राज्य गेले तरी ती जागची हलली नव्हती. परिणामी एकाच वडिलांनी, एकाच बैठकीत, एकाच शाईने लिहिलेल्या मृत्युपत्रातील रामबागेतले घर प्रोबेटवाचून मुलाच्या नावे होऊ शके, आणि पुढच्याच ओळीतल्या दादरच्या दोन खोल्यांसाठी त्याच मुलाला प्रोबेट मिळवावे लागे. त्यातही जिल्हा न्यायाधीशाने दिलेल्या प्रोबेटाला परराज्यात अंमल हवा असेल तर राज्याबाहेरील मिळकत १०,००० रुपयांहून अधिक नसल्याचा त्याचा दाखला लागे. आणि दादरला त्या रकमेत खोली तर सोडाच, उंबरठाही मिळाला नसता, म्हणून अशा पक्षकाराला मी सरळ मुंबई उच्च न्यायालयाची वाट दाखवी.

अनिवार्य नसले म्हणजे अनावश्यक असते असे मात्र नाही. न्यायालयाने एकदा शाबीत ठरवलेल्या मृत्युपत्राविरुद्ध पुढे कोणी चुलतभाऊ उगवून ‘सही काकांची नव्हे’ म्हणू लागला तर त्याची मजल फार जात नाही, आणि या निश्चिंततेसाठीच कित्येक दूरदर्शी कुटुंबे इंदुरातही स्वेच्छेने प्रोबेट घेत. प्रोबेट मिळते ते मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच. तसा कोणी नेमलेला नसेल तर मृत्युपत्र जोडलेले प्रशासनपत्र मागावे लागते. मृत्यूनंतर पूर्ण सात दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट आणि पूर्ण चौदा दिवस उलटल्याशिवाय प्रशासनपत्र देऊ नये, असा कायद्याचा दंडक आहे. व्यवहारात इतक्या त्वरेने ते कोणालाही मिळत नाही. तरीही पूर्ण चौदा दिवस उलटण्याआधी अधिकार देऊ नये या नियमात मला आमच्या तेराव्याच्या रीतीशी एक दूरचे सख्य जाणवत आले आहे.

पिशवीतल्या कागदांपैकी सर्वांत अधिक गैरसमज माजवी तो नामनिर्देशनाचा. विम्याच्या पॉलिसीवर ज्याचे नाव, रक्कम त्याची, ही समजूत इतकी दृढ असे की ती खोडून काढणाऱ्या वकिलाचाच लोकांना संशय येई. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली ‘सरबती देवी विरुद्ध उषा देवी’ या प्रकरणात, २०१५च्या दुरुस्तीपूर्वीच्या विमा कायद्यानुसार, स्पष्ट केले होते की, विम्याचा नामनिर्देशित मनुष्य हा रक्कम स्वीकारणारा केवळ हात आहे आणि रक्कम वारसांची आहे. हा निर्णय मी माझ्या कचेरीत जितक्यांना समजावून सांगितला तितका क्वचितच दुसरा कोणता सांगितला असेन.

एका शासकीय कारकुनाचे प्रकरण मला या संदर्भात विशेष आठवते. तरुणपणी, लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर त्याने धाकट्या भावाचे नाव घातले होते आणि पुढे ते बदलायचे राहून गेले होते. मागे पत्नी, दोन मुली आणि वृद्ध आई. भाऊ म्हणे, दादाने समजूनच माझे नाव ठेवले. वहिनी म्हणे, भावोजींनी माझ्या मुलींच्या तोंडचा घास काढला. आणि दोघेही आपापल्या वकिलांकडून अशा आवेशाने लढण्यास सिद्ध झाले होते की जणू न्यायालय त्या रकमेचे अंतिम स्वामित्वच ठरवून देणार होते. वस्तुतः वारसा प्रमाणपत्राची कार्यवाही संक्षिप्त असते. मयत केव्हा वारला, त्याचे सामान्य निवासस्थान कोणते, जवळचे नातेवाईक कोण व कोठे राहतात, अर्जदाराचा अधिकार कशावर आधारलेला आहे आणि येणी व रोखे कोणते, अशा गोष्टी अर्जात नमूद कराव्या लागतात. न्यायाधीशाला अधिकाराचा प्रश्न फार गुंतागुंतीचा दिसला तर प्रथमदर्शनी ज्याचा अधिकार वरचढ त्याला तो प्रमाणपत्र देऊ शकतो. आणि या कार्यवाहीतील निर्णयामुळे पुढे कोणालाही स्वतंत्र दाव्यात तोच प्रश्न पुन्हा उपस्थित करण्यास आडकाठी होत नाही, असे कायदाच म्हणतो. हे प्रमाणपत्र मुख्यतः ज्याच्याकडे पैसे आहेत त्या परक्याच्या संरक्षणासाठी, बँकेसाठी वा कंपनीसाठी, निर्माण झालेले आहे: ते पाहून तिने रक्कम दिली की तिची सुटका झाली. रक्कम घेणाऱ्याची मात्र सुटका होत नाही. त्याला इतर वारसांना जाब द्यावा लागतो.

माझ्या पक्षकार असलेल्या त्या वहिनींनी अर्जासाठी जो सजरा लिहून आणला, कुटुंबाच्या वंशावळीला आमच्या कोर्टात हाच शब्द रूढ आहे, त्यात स्वतःचे व मुलींचे नाव होते, सासूबाईंचे नव्हते. यात कपट नव्हते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या पहिल्या वर्गात पत्नी व अपत्ये यांच्या बरोबरीने मयताची आई बसते, आणि वडील मात्र दुसऱ्या वर्गात जातात, हे सुशिक्षित घरांतही पुष्कळांना ठाऊक नसते. आजींचे नाव घालून अर्ज दाखल झाला, तलवाना भरून नोटिसा निघाल्या, ‘नईदुनिया’ या वर्तमानपत्रात जाहीर सूचना छापून आली, दिराची हरकत रुजू झाली, आणि पेशीमागून पेशी पडत अखेर आजींचा जबाब नोंदविण्याचा दिवस उजाडला. न्यायाधीश महोदयांनी हिंदीत, अत्यंत सौजन्याने विचारले की, माताजी, तुम्ही आपला हिस्सा सुनेच्या नावे सोडू इच्छिता काय? आजी मराठीत म्हणाल्या, “पैसे तिलाच द्या. पण माझं नाव कागदावरून काढू नका.”

मी तो जबाब हिंदीत सांगितला, आणि न्यायाधीशांनी तो तसाच लिहून घेतला. आजींना रकमेत रस नव्हता. आपण मयताचे कोण होतो याची नोंद कोठेतरी सरकारदरबारी राहावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पुढे हरकत मागे घेतली गेली आणि प्रत्येकाचा हिस्सा नमूद करून प्रमाणपत्र वहिनींना देण्याचा हुकूम झाला. इतर वारसांच्या हिश्शांबद्दल मुचलका व जामीन लागला तेव्हा जामीनदार म्हणून उभा राहिला तो हरकत घेणारा दीरच. घरातला समेट वकिलांच्या युक्तिवादाने झाला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु नोटिसा, जाहिरात आणि तारखा यांच्या ज्या दिरंगाईवर आपण सारे संतापतो, तिने त्या घरातील माणसांना एकमेकांसमोर उभे राहण्यास भाग पाडले, एवढे मी खात्रीने म्हणू शकतो.

मृत्युपत्राच्या शाबितीचे काम याहून नाजूक असे. कमीत कमी दोन साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही वा निशाणी करताना पाहिलेले किंवा त्याच्या तोंडून तशी कबुली ऐकलेली असावी, आणि त्यांनी त्याच्यासमक्ष आपल्या सह्या केलेल्या असाव्यात, असा नियम आहे. आणि त्यांपैकी निदान एक हयात व उपलब्ध असेल तर त्याला पिंजऱ्यात उभे करावेच लागते. साक्षीदार शोधणे हे माझ्या मुन्शीचे खास कौशल्य होते. म्हाताऱ्या माणसाने आपल्याच वयाचे दोन स्नेही साक्षीला घेतलेले असत, आणि मृत्युपत्र उघडले जाई तेव्हा एक निवर्तलेला, तर दुसरा मुलाकडे भोपाळला किंवा पुण्याला गेलेला, स्मृती मंदावलेला असे. होळकरी अमदानीत वाढलेल्या पिढीचे काही कागद मोडीत असत; मग मोडी जाणणारा कोणी वृद्ध गृहस्थ गाठून लिप्यंतर करवून घ्यावे लागे, आणि प्रतिपक्षाचा वकील त्याच्या प्रत्येक अक्षराची उलटतपासणी घेई.

सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली ‘वेंकटाचल अय्यंगार’ प्रकरणात घालून दिलेली शिस्त माझ्या ज्येष्ठ वकीलसाहेबांना मुखोद्गत होती: मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच न्यायालयाच्या मनातील प्रत्येक संशयाचे निरसन केले पाहिजे. कापरी सही, आजाराने खंगलेले शरीर, सबळ कारण न देता डावललेली पत्नी वा अपत्ये, आणि सर्वांत घातक म्हणजे ज्याला लाभ होणार त्यानेच कागद लिहवून घेण्यात दाखवलेला उत्साह, अशा गोष्टींपाशी न्यायाधीश थांबतो. मृत्युपत्र इतर दस्तऐवजांहून वेगळे ठरते ते याच कारणाने की, ज्याची इच्छा त्यात लिहिली आहे तो, ही इच्छा माझीच आहे, हे सांगण्यास हजर नसतो. त्यामुळे त्याच्या वतीने न्यायालयालाच सावध राहावे लागते.

प्रोबेट हाती पडले की काम संपले असे मानून एक्झिक्युटर पेढे वाटतो, आणि खरे काम तेथूनच सुरू होते. सहा महिन्यांत मिळकतीची संपूर्ण यादी आणि वर्षाच्या आत हिशेब त्याने न्यायालयात दाखल करावयाचा असतो. त्या हिशेबाचा जो अनुक्रम कायद्याने लावून दिला आहे तो मी दरवेळी पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवी. प्रथम अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारातील औषधोपचाराचा खर्च. मग प्रोबेट मिळविण्याचा खर्च. मग मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत मयताकडे राबलेल्या मजुराचे, कारागिराचे वा घरगड्याचे वेतन. त्यानंतर इतर कर्जे. आणि ही सारी देणी भागल्यावर उरेल त्यातून ज्यांच्या नावाने मृत्युपत्र लिहिले त्यांचे दान. शिवाय मृत्यूपासून वर्ष उलटेपर्यंत कोणाचेही दान देण्याची सक्ती एक्झिक्युटरवर करता येत नाही. बँकेच्याही आधी मोलकरणीचा हक्क लागतो हे ऐकून एका निवृत्त अभियंत्याने अविश्वासाने माझ्याकडे पाहिले होते, पण घरी जाऊन त्याने वडिलांची सेवा केलेल्या बाईंचा थकलेला पगार काढून दिला, आणि यादीत त्याची नोंद करताना मला म्हणाला, “वकीलसाहेब, आम्ही भाऊ महिनाभर घराच्या वाटणीवर भांडत होतो, आणि यांना कोणी विचारलंच नव्हतं.”

इंदुरात राहून वारसाविषयी लिहिणाऱ्याला अहिल्याबाईंचे स्मरण टाळता येत नाही. इंग्रज प्रशासक माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या माळव्यावरील आपल्या ग्रंथात नोंदले आहे की, इंदूरजवळ तळ दिलेले बाईंचे सेनापती तुकोजी होळकर यांनी एका निपुत्रिक सावकाराच्या संपत्तीत हिस्सा मागितला तेव्हा त्याची विधवा महेश्वरास जाऊन बाईंपुढे उभी राहिली. बाईंनी तिचा अधिकार मान्य केला आणि तुकोजींना शहरापासून दूर होण्याचा हुकूम पाठविला. तारखांना कंटाळलेले पक्षकार हा दाखला देऊन मला म्हणत, त्या दरबारात एका भेटीत निकाल लागे! त्यांच्या वैतागाशी मी सहमत असे, निष्कर्षाशी नसे. त्या विधवेसमोर बाहेरचा बलवान होता, आणि त्याला रोखण्यास धर्मनिष्ठ राज्यकर्तीचा एक शब्द पुरेसा होता. माझ्यापुढे येणाऱ्या घरांत बलवान आणि दुर्बळ एकाच सजऱ्यावर असत. तेथे एका बाजूचे ऐकून दिलेला जलद निकाल हा बहुधा अनुपस्थिताचा घात ठरला असता. सर्वांना बोलावणे, त्यांना वेळ देणे आणि कोणी आलेच नाही तर तेही नोंदविणे, ही आमच्या न्यायालयाची पद्धत कंटाळवाणी असली तरी आजींसारख्यांचे नाव तिच्यामुळेच कागदावर टिकते.

अर्थात दिरंगाईचे समर्थन करतानाही तिची किंमत विसरता येत नाही. याच शहरातील हुकुमचंद मिल गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद पडली आणि पुढे दिवाळखोरीत गेली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यासाठी सुमारे २२४ कोटी रुपये सुपूर्द झाले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी. मधल्या तीन दशकांत किती कामगार निवर्तले आणि किती विधवांना नि मुलांना आपण त्यांचे वारस असल्याचे कागद जमवावे लागले, हे या शहराने पाहिले आहे. पैसा देणाऱ्याने वेळेवर दिला असता तर तो कमावणाऱ्याच्याच हाती पडला असता. उशिरा दिलेले देणे वारसाचा प्रश्न होऊन बसते, आणि त्याचा भुर्दंड पुन्हा घेणाऱ्यालाच सोसावा लागतो.

मृत्युपत्र करावयास येणाऱ्यांना मी आजही काही साध्या गोष्टी सांगतो. साक्षीदार स्वतःपेक्षा तरुण आणि ज्यांना काहीच मिळणार नाही असे निवडावेत. एक्झिक्युटर नेमावा आणि त्याला तसे सांगून ठेवावे. नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांत मेळ ठेवावा. कोणाला वगळावयाचे असेल तर त्याचे कारण लिहावे. नोंदणी सक्तीची नसली तरी करून ठेवावी. यांपैकी कोणतीही गोष्ट दुर्घट नाही, आणि तरीही सर्वांनाच अवघड वाटते ती याहून निराळी. मनुष्य वाटणीचा विचार वर्षानुवर्षे करतो, कोणाला घर, कोणाला दागिने, कोणाला शेअर्स हे रात्री जागून ठरवतो. आपण कोणाचे काय देणे लागतो याची यादी मात्र तो करीत नाही. कायद्याने ती यादी वाटणीच्या आधी ठेवली आहे, आणि म्हणून मीही कागद पुढे ओढल्यावर प्रथम तिचाच प्रश्न विचारतो. ज्या घरांनी ते उत्तर प्रामाणिकपणे लिहून ठेवले, त्यांच्या वारसांना न्यायालयाची पायरी चढावी लागली तरी ती बहुधा एकमेकांच्या विरुद्ध चढावी लागली नाही.